केरेनचा डोंगर आणि मराठा पलटण : १९४१ च्या एका रात्रीची ओळख

जालना जिल्ह्याला लढाया आणि पलटणी नव्या नाहीत. जिल्ह्यातलं असई गाव १८०३ च्या लढाईमुळे जगाच्या इतिहासात गेलं. जालना शहरात पुढे बरीच वर्षं फौजेची छावणी होती. पण महाराष्ट्राच्या जवानांनी समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या एका डोंगरावर जे केलं, त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. त्या जागेचं नाव केरेन. आज ती इरिट्रिया देशात आहे.

लढाई कशासाठी झाली?

दुसऱ्या महायुद्धात इरिट्रिया ही इटलीची वसाहत होती. सुदानकडून राजधानी अस्मारा आणि मसावा बंदराकडे जाणारा रस्ता आणि रेल्वे डोंगोलास नावाच्या अरुंद खिंडीतून जात. खिंडीच्या एका बाजूला सांचिलचा डोंगर, तर दुसऱ्या बाजूला डोलोगोरोडोकचा किल्ला. दोन्ही इटालियन फौजेच्या ताब्यात होते. ते घेतल्याशिवाय पुढे जायला वाटच नव्हती.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ब्रिटिश आणि हिंदी फौजांचे पहिले हल्ले झाले. त्यात राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम शहीद झाले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण डोंगर काही हाती आला नाही. चढण उभी, झाडाची सावली नाही, ऊन कडक. पाणी, दारूगोळा, सगळं खालून माणसांनी आणि खेचरांनी वर न्यायचं. जखमींना त्याच वाटेने खाली आणायचं. वरून गोळ्या आणि हातबॉम्ब सुरूच.

१५ मार्चची रात्र

१५ मार्च १९४१ ला मोठा हल्ला सुरू झाला. किल्ल्याच्या बाजूला दिवसा चढलेली स्कॉटिश पलटण मारा आणि उन्हात अडकून पडली. मग अंधार पडल्यावर ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन पुढे निघाली. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. किल्ल्याच्या वाटेवर दोन टेकाडं होती. इंग्रजांनी त्यांना ‘पिनॅकल’ आणि ‘पिंपल’ अशी नावं दिली होती. पिनॅकल मराठ्यांनी घ्यायचं होतं. पिंपलसाठी १२ व्या फ्रंटियर फोर्स रेजिमेंटच्या दोन कंपन्या रीड यांच्याच हाताखाली दिल्या होत्या.

त्या रात्री दोन्ही टेकाडं पडली. वाट मोकळी होताच वेस्ट यॉर्कशायर पलटणीने १६ मार्चच्या पहाटे किल्ला घेतला. इटालियन फौजेने तो परत घ्यायला पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण किल्ला सुटला नाही. किल्ल्यावरून खिंड दिसू लागली, म्हणून पुढे रस्त्यावरचे अडथळे काढता आले. २७ मार्चला केरेन पडलं. १ एप्रिलला अस्मारा आणि ८ एप्रिलला मसावा हाती आलं. कॉम्पटन मॅकेन्झी या लेखकाने हिंदी फौजेच्या इतिहासात पिनॅकलच्या चढाईची गणना त्या महायुद्धातल्या उल्लेखनीय कामगिऱ्यांमध्ये केली आहे.

याच मोहिमेत ‘शिवाजी महाराज की जय’ ही पलटणीची रणगर्जना पहिल्यांदा घुमली, असं रेजिमेंटमध्ये सांगितलं जातं. आज या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे आणि ‘केरेन’ हा तिचा युद्धसन्मान आहे. पिनॅकल घेणारी तिसरी बटालियन मात्र पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आजची २ पॅरा ती हीच.

एका डोंगरावर सगळे

फ्रंटियर फोर्स रेजिमेंटमध्ये पंजाबी मुसलमान, पठाण, शीख आणि डोगरा असे सगळे जवान असत. खुद्द मराठा पलटणींमध्येही पहिल्या महायुद्धाच्या काळात दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या, ही गोष्ट आज थोड्यांनाच माहीत असते. समोरच्या इटालियन फौजेतही इरिट्रियाचे स्थानिक शिपाई होते. त्यांच्यातही कितीतरी मुसलमान होते. ते शर्थीने लढले, हेही सांगितलं पाहिजे.

१९४७ ला फाळणी झाली. मराठा पलटण भारताकडे राहिली, फ्रंटियर फोर्स पाकिस्तानकडे गेली. एका रात्री एकाच कमांडरच्या हाताखाली शेजारशेजारची टेकाडं घेणारे जवान दोन देशांच्या इतिहासात वाटले गेले. त्यात लढाई इंग्रजांच्या झेंड्याखालची, म्हणून स्वातंत्र्यानंतर ती आणखी मागे पडली. पण शिपायाचं धैर्य झेंड्यावर मोजायचं नसतं. तो ज्या गावातून गेला, त्या गावाचा तो माणूस होता.

केरेनच्या युद्ध स्मशानभूमीत मुसलमान जवानांच्या कबरी आहेत. तिथेच दहन झालेल्या हिंदू आणि शीख जवानांचं स्मारक आहे. अंत्यविधी ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे झाला, पण आवार एकच आहे.

आपल्याला काय करता येईल?

घरात आजोबा-पणजोबांचं जुनं पदक, पेन्शनचा कागद किंवा डिस्चार्ज बुक असेल तर ते भंगारात जाऊ देऊ नका. पदकाच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. युद्धात मरण पावलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. नाव सापडलं तर ते मुलांना वाचून दाखवा.