शेफील्डचे शिकलगार

चाकू म्हटला की आपल्यापुढे लोहाराचा घण उभा राहतो. पात्याला धार आणि झळाळी देणारा कारागीर, मराठीत ज्याला शिकलगार म्हणतात तो, सहसा आठवत नाही. इंग्लंडमधील शेफील्डचा चाकू चौदाव्या शतकात चॉसरच्या काव्यातही पोहोचला. एका गिरणीवाल्याजवळ तो आहे. पण तो कोणी घासला असेल, असा प्रश्न आम्हीही ते काव्य शिकवताना कधी विचारला नव्हता.

घडवलेल्या पात्याला पाणी दिले की ते कठीण होते. धार मात्र सहाणेवरच येते. शेफील्डचा शिकलगार लाकडी बैठकीवर घोड्यावर बसल्यासारखा बसे आणि पुढ्यातल्या वालुकाश्माच्या फिरत्या चाकावर ओणवून पाते दाबून धरी. घर्षणाने पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरलेच. म्हणून चाकूचे चाक पाण्याच्या कुंडीत फिरे. मग कातडे चढवलेल्या चाकावर कुरुंदाच्या भुकटीने दगडाचे ओरखडे घालवायचे, आणि त्याहून बारीक भुकटीने कुरुंदाचे.

काटे आणि सुया मात्र कोरड्या दगडावर घासल्या जात. डॉ. नाइट यांच्या आधारे एंगेल्सने १८४५ मध्ये लिहिले, की कोरडे काम करणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम ३५ वर्षांचे. ओले काम करणाऱ्यांचे क्वचितच ४५ च्या पुढे जाई. पाण्यानेही पुरते संरक्षण मिळत नसे, कारण नवे चाक गोल करताना ते कोरडेच तासावे लागे.

जे. एच. अब्राहम यांनी १८२० च्या दशकात लोहकण ओढून घेणारे चुंबकाचे साधन काढले. शिकलगारांनी ते स्वीकारले नाही. धंदा निर्धोक झाला तर माणसे वाढतील आणि मजुरी उतरेल, या भीतीने काहींनी संरक्षक साधने मोडून टाकल्याचेही एंगेल्स नोंदवतो. याला अडाणीपणा म्हणणे आम्हाला पटत नाही. मजुरीत मरणाची किंमत धरलेली होती, आणि तो हिशेब त्यांच्याइतका कोणाला कळणार? शिवाय फुप्फुसे निकामी करणारी मुख्य धूळ लोखंडाची नव्हतीच. ती दगडातील सिलिकाची होती, आणि चुंबक तिला ओढत नाही.

चार्ल्स रीडच्या १८७० च्या ‘पुट युवरसेल्फ इन हिज प्लेस’ या कादंबरीत हे कारागीर भेटतात. शहराचे नाव तेवढे त्याने ‘हिल्सबरो’ केले आहे. खऱ्या पात्यांवरची नावे मात्र बहुधा कारखानदारांची. ती घडवतानाच ठोकली जात, आणि घासताना पुसली जाऊ नयेत ही काळजी शिकलगाराला घ्यावी लागे.