मनूची 'जाती' आणि जीवशास्त्राची 'जाती'

बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले. भन्ते नागसेनांना बेधडक प्रश्न विचारणाऱ्या राजा मिलिंदाच्या नावाने ते आज ओळखले जाते. आम्ही त्याच परंपरेतले. म्हणून "आमच्या शास्त्रांत सगळे विज्ञान आधीच होते" असे कोणी छाती ठोकून सांगितले, की आम्ही ते शास्त्र उघडून पाहतो.

मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात जीवांचे चार प्रकार आहेत. गर्भाच्या वेष्टनातून जन्मणारे जरायुज, अंड्यातून जन्मणारे अंडज, घाम-उष्म्यातून जन्मणारे स्वेदज आणि जमीन फोडून उगवणारे उद्भिज्ज. जरायुजांत गुरे, हरणे, माणसे. आणि त्यांच्याच पंगतीला राक्षस-पिशाच्चही! डास, उवा, माश्या, ढेकूण हे स्वेदज. १६६८ मध्ये इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने मांस झाकून ठेवले आणि दाखवून दिले, की माशीने अंडी घातल्याशिवाय अळ्या होत नाहीत. पुढे लुई पाश्चरने आपोआप जन्माची कल्पनाच निकालात काढली.

पण एवढ्यावरून आम्ही मनूला गुन्हेगार ठरवत नाही. पाली ग्रंथांतही 'संसेदज' आहेतच. लिनियसने १७३५ मध्ये देवमाशाला माशांत बसवले होते; १७५८ मध्ये त्यानेच त्याला सस्तन प्राण्यांत आणले. चूक कोणाचीही होते. विज्ञान ती दुरुस्त करते, धर्मशास्त्र तिला पवित्र करते.

मनूचा खरा गुन्हा वेगळा आहे. सगळ्या माणसांना एकाच जरायुज गटात ठेवणारा हाच अध्याय त्यांना मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांतून वेगवेगळे जन्माला घालतो! मग खरे काय?

शाळेच्या जीवशास्त्रात वर्गीकरणाची शेवटची पायरी म्हणजे 'जाती'. तिची साधी कसोटी अशी : ज्यांच्या संबंधातून पुढे वंश चालवू शकणारी संतती होते, ते एका जातीचे. घोडा आणि गाढव यांचे खेचर होते, पण खेचराचा वंश सहसा पुढे चालत नाही. आता मनूचा दहावा अध्याय पाहा. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांच्या संततीला तो चांडाळ म्हणतो, आणि त्या चांडाळाची पुढची संततीही मोजतो. म्हणजे हा वंश चालतो, हे मनूलाही ठाऊक होते! निसर्गानेच माणसे वेगळी केली असती, तर बेटीबंदीचा पहारा कशाला लागला असता? वाघ आणि हरणाच्या लग्नावर कोणी बंदी घालत नाही. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या सक्तीमुळे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात दाखवून दिले.

आणि तथागतांनी त्याच्या कितीतरी आधी. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात ते गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांचे जन्माने दिसणारे भेद मोजतात. मग माणसाचे केस, कान, डोळे, हातपाय तपासून सांगतात, की तसा भेद इथे नाही. डोळे उघडे ठेवून केलेले हे निरीक्षण आहे.

आजचे जीवशास्त्रही हेच सांगते. होमो सेपियन्स, एकच जाती. आता जातीच्या रकान्यात काय लिहायचे, हे मनूच्या वारसांनी ठरवावे!

जय भीम!