निवारा-खोली (हैदराबाद)

वादळ, पूर किंवा वीज अशा संकटात घरातल्या माणसांना काही तास सुखरूप राहता यावे म्हणून निवडलेली किंवा मुद्दाम मजबूत करून घेतलेली जागा. ओक्लाहोमा, कॅन्सस या अमेरिकी राज्यांत ती बहुधा जमिनीखाली असते, कारण तिथे भीती टॉर्नेडोची. वारा वरून येतो, तेव्हा माणसाने खाली जावे हे तिथले शहाणपण. हैदराबादेत हा नमुना जसाच्या तसा उचलणे धोक्याचे आहे. या शहरात मोठ्या प्रमाणावर माणसे मारली ती पाण्याने, आणि म्हणून इथली निवारा-खोली पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर हवी. जागा ठरवताना आधी पाण्याचा हिशेब करावा, वाऱ्याचा नंतर.

वारा दुय्यम का, याला आकड्यांचा आधार आहे. अमेरिकेत टॉर्नेडोसाठीच्या खोल्या ताशी सुमारे ४०० किमी वाऱ्याला टिकतील अशा बांधतात, आणि ताशी १६० किमी वेगाने फेकलेला सुमारे पावणेसात किलोचा लाकडी वासा दारावर आदळवून दाराची परीक्षा घेतात. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग ३) हैदराबादसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी धरतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. तेव्हा अमेरिकी खोलीला जो दाब पेलायचा असतो तो इथल्यापेक्षा सहापटीहून जास्त. भारतात टॉर्नेडो होतच नाहीत असे मात्र नाही. १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीत आणि ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडीत त्यांनी बळी घेतले. पण दख्खनच्या पठारावर उन्हाळ्याच्या शेवटी येतो तो गडगडाटासह सुटणारा सोसाट्याचा वारा. नीट बांधलेली आरसीसीची चौकट त्याला पुरून उरते. आयात केलेल्या पोलादी पेटीवर लाखो रुपये घालवण्याचे इथे कारण नाही.

पाण्याचा पुरावा जुना आणि भीषण आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुरात सुमारे १५,००० माणसे गेली, असा अंदाज दिला जातो. अफझलगंजच्या रुग्णालयाच्या आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले. ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयात दाखवतात. त्याच पुराच्या वर्णनांत पेटला बुर्जाची हकीकतही येते. आसऱ्याला त्यावर चढलेल्या लोकांसह तो बुरूज ढासळला. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवल्या की निवड कशी करावी ते कळते. उंची तर हवीच, पण पायाखालचे पाणी खणत असताना टिकून राहील असा आधारही हवा. माती-चुन्यात बांधलेल्या जुन्या घराची माडी उंच असते, तरी पाया भिजल्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. सुलतान बाजार, काचीगुडा भागांत अशी घरे अजून कुठे असतील, तर तिथे माडीपेक्षा शेजारची आरसीसीची इमारत बरी.

यावर पहिला आक्षेप असा की १९०८ नंतर धरणे झाली, मग भीती कशाची? मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले, आणि त्यांनी शहराला मोठा दिलासा दिला हे खरे. पण धरण अडवते ते वरून येणारे पाणी. शहरावरच कोसळणारा पाऊस त्याच्या हाती नाही. ऑगस्ट २००० मध्ये बेगमपेटला एका दिवसात सुमारे २४ सेंमी पाऊस झाला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी घटकेसर परिसरात ३० सेंमीहून अधिक पडला. त्या महिन्यात पल्ले चेरुवू आणि गुर्रम चेरुवू हे तलाव फुटले, आणि अल जुबेल कॉलनी, हाफिज बाबा नगर यांसारख्या नदीपासून लांबच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. शिवाय धरण भरले की दरवाजे उघडावेच लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मुसीचे पाणी महात्मा गांधी बसस्थानकात शिरले ते असेच. म्हणून घर नदीपासून किती दूर आहे एवढे पाहून भागत नाही. वरच्या अंगाला कोणता तलाव आहे, त्याचा सांडवा कुठून वाहतो, नाल्यावर कोणी काय बांधले आहे, आणि २०२० मध्ये पाणी जोत्याच्या किती वर आले होते, हे गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना विचारावे. निवारा-खोलीची फरशी त्या खुणेच्या निदान एक मजला वर असावी.

हैदराबादेत इमारतीखालच्या पार्किंगला सेलार म्हणतात. वादळात लपायला ही भक्कम जागा वाटते आणि धोका नेमका इथेच आहे. उतारावरून पाणी आत येते आणि जायला वाट नसते. अर्धा मीटर पाणी ९० सेंमी रुंद दारावर सुमारे ११० किलो वजनाइतका रेटा देते. एक मीटर झाले की तो चौपट होतो, आणि दार कोणत्याही माणसाकडून ढकलले जात नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगरात तळघरातल्या अभ्यासिकेत तीन विद्यार्थी बुडाले. मोटरपंप बसवला आहे, असे उत्तर मिळते. पण पंपाला वीज लागते, आणि मीटरबॉक्स व मुख्य स्विच बहुतेक ठिकाणी त्याच सेलारमध्ये असतात. ते आधी वर हलवावेत. पाऊस चढला की गाडी काढायला खाली जाऊ नये, लिफ्टही वापरू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वर जायचे तर वारा आणि वीज अधिक लागणार. २६ मे २०२४ च्या वादळात तेलंगणात १३ जण दगावले; भिंती आणि शेड पडणे, वीज कोसळणे ही कारणे होती. पण त्यातून निघते ते एवढेच की गच्चीवरची पत्र्याची खोली निवारा होऊ शकत नाही, आणि संरक्षक भिंतीच्या पायथ्याशी असलेली झोपडी तर मुळीच नाही. त्याच महिन्यात बाचुपल्लीत अशी भिंत कोसळून मजुरांच्या निवाऱ्यातले सात जण गेले. मधल्या मजल्यावरची, काँक्रीटच्या छताखालची, बाहेरच्या काचांपासून आत असलेली खोली वारा आणि पाणी दोन्ही सांभाळते. वाऱ्याचे झोत मिनिटांचे असतात, पाणी तासन्‌तास राहते, त्यामुळे तडजोड करायची वेळ आली तर ती पाण्याच्या बाजूने करावी.

खोली बसवायची म्हणजे फारसे बांधकाम नसते. लोखंडी कपाट भिंतीला स्क्रूने जखडावे, टॉर्च आणि पिण्याचे पाणी वर ठेवावे, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळावीत. चोरांच्या भीतीने इथे प्रत्येक खिडकीला जाळी ठोकलेली असते. निवारा-खोलीची एक जाळी बिजागरीवर उघडणारी करून घ्यावी, नाहीतर बोट खिडकीपर्यंत आली तरी उपयोग नाही. गच्चीच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे, वॉचमन सेलारमध्ये. दुसरी किल्ली वरच्या मजल्यावरच्या एका घरात ठेवायला सोसायटीने ठराव करायला हवा.

एकमजली घरांचे काय, हा प्रश्न उरतो, आणि त्याला घराच्या चौकटीत उत्तर नाही. सिमेंटच्या पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला वर जायला मजलाच नसतो. त्याच्यासाठी निवारा-खोली म्हणजे वस्तीतल्या शाळेचा पहिला मजला किंवा फंक्शन हॉल. तिथवर रस्ता नाला न ओलांडता जातो का हे पावसाळ्यापूर्वी चालून पाहावे, आणि रात्री किल्ली कोणाकडे असते ते विचारून ठेवावे.