पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांची उपपत्ति

ग्रहण केव्हां लागेल हें पंचांग सांगतें. तें कां लागतें हें समजावयास मात्र गुरु लागतो. सुमारें आठशें वर्षांपूर्वीं खानदेशांत हें कार्य करणारें एक विद्यास्थान उभें राहिलें होतें.

चाळीसगांवजवळ, सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशीं, पाटण हें जुनें स्थान आहे. तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादवराजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदि ग्रंथांचें विवरण अखंड चालावें, म्हणून त्यांनीं येथें मठ स्थापिला. शके ११२८ (इ. स. १२०७) च्या श्रावणी पौर्णिमेस निकुंभ घराण्यांतील सोइदेवानें त्या मठास दान दिलें. पाटणच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा अंशहि मठाकडे लावून दिल्याचें लेखाच्या मराठी भागांत नमूद आहे. म्हणजे विद्येचा भार राजाबरोबर पेठेनेंहि उचलला होता.

विशेष हें कीं, दानाची वेळ चंद्रग्रहणाची होती. जनसामान्यांस तो पुण्यकाल. मठांतील विद्यार्थ्यांस तो अभ्यासाचा विषय. इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या आपल्या ग्रंथांत भास्कराचार्य केवळ गणिताची रीत सांगून थांबत नाहींत. उपपत्ति, म्हणजे रीतीमागील कारण, ज्या गणकास ठाऊक नाहीं, त्यास विद्वत्सभेंत प्रतिष्ठा लाभत नाहीं, व त्याचा स्वतःचा संशयहि फिटत नाहीं, असें ते बजावतात. आपल्याच श्लोकांवर ‘वासनाभाष्य’ लिहून तीं कारणें ते उलगडून दाखवितात.

ग्रहणाचेंच पाहा. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राचीं टोंकें बोथट दिसतात, आणि ग्रहण पुष्कळ वेळ टिकतें. तशाच सूर्याचीं टोंकें तीक्ष्ण दिसतात, आणि ग्रहण लवकर सुटतें. तेव्हां दोहोंस झांकणारी वस्तु एकच असणें शक्य नाहीं. चंद्रास झांकते ती पृथ्वीची विस्तीर्ण छाया. सूर्यास झांकतो तो लहान चंद्र. डोळ्यांस जें दिसतें त्यावरून न दिसणारें कारण शोधावयाचें, हीच ती शिकवण.

तो मठ काळाच्या ओघांत नाहींसा झाला. १९९० सालीं जळगांवीं विद्यापीठ स्थापन झालें. जळगांव, धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांतील विज्ञानाचे विद्यार्थी आज त्याच्या परीक्षांस बसतात. सूत्र पाठ केल्यानें उत्तर अचूक येतें. परंतु ‘असें कां?’ या प्रश्नापुढें जो निरुत्तर होतो, त्याची विद्या भास्कराचार्यांच्या कसोटीस अपुरीच ठरेल.