स्फटिकदोष आणि चुंबकत्व

मूळच्या अचुंबकीय स्फटिकात दोषांमुळे चुंबकत्व उपजते काय, हा प्रश्न २००३ मधील लाइपझिग येथील प्रयोगांनी ऐरणीवर आणला. प्रोटॉनांच्या माऱ्यानंतर ग्रॅफाइटमध्ये लोहचुंबकत्व आढळले. तथापि अशा मापनांत लोहाच्या अत्यल्प भेसळीची शंका उरतेच. २००४ मध्ये एक अणू जाडीचे ग्रॅफीन वेगळे झाले. २०१२ मध्ये मँचेस्टर येथे त्यात रिक्त स्थाने निर्माण करण्यात आली, तेव्हा त्यांपासून अर्ध-परिवलनाची चुंबकीय परिबले लाभली. परंतु द्रव हेलियमच्या तापमानापर्यंतही ती एकदिश झाली नाहीत. त्याच वर्षी सिंगापूर येथे मॉलिब्डेनम डायसल्फाइड या स्तरित अर्धसंवाहकात प्रोटॉनांच्या माऱ्याने सुव्यवस्थित चुंबकत्व आल्याचे प्रतिपादन झाले. अशा प्रतिपादनांची परीक्षा करताना परिबलांचे अस्तित्व आणि त्यांची सुव्यवस्था यांचे पुरावे पृथक्‌पणे तपासणे अगत्याचे ठरते.