चाकांवरच्या घरात आग कुठे ठेवायची?

घराला चाकं लावणं माणसाला लवकर जमलं. त्या घरात आग ठेवणं जमायला मात्र बराच वेळ लागला.

आपल्याकडे जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करायची आणि लडाख-स्पिती गाठायची, हे स्वप्न आता बऱ्याच जणांचं असतं. पलंग, सोलर पॅनल, ओटा यांवर तासन् तास चर्चा होते. हीटर कुठला बसवायचा आणि अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं हा प्रश्न यादीत शेवटी येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा किमतीवरून ठरतं. खरं तर हा प्रश्न किमान दीडशे वर्षं जुना आहे. त्याची चुकीची उत्तरं माणसांच्या जिवावर बेतलेली आहेत. म्हणून खरेदीआधी त्याचा इतिहास वाचलेला बरा.

सुरुवात करू इंग्लंडमधल्या रोमानी लोकांपासून. एकोणिसाव्या शतकात त्यांची ‘वार्डो’ नावाची लाकडी, घोड्यानं ओढायची घरं रस्त्यांवर दिसू लागली. आत बिडाची छोटी शेगडी असे आणि तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं असे. हे धुराडं गाडीच्या उजव्या अंगाला ठेवत. कारण तिथं वाहनं डावीकडून चालतात, आणि कडेच्या झाडांच्या फांद्या डाव्या अंगाला घासतात. धुराडं मोडलं तर धूर आत येणार, हे त्या सुतारांना पक्कं माहीत होतं.

१८८५मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरनं ‘वाँडरर’ नावाची दोन टनांची घोडागाडी खास सहलीसाठी बांधून घेतली आणि तो इंग्लंडातून थेट स्कॉटलंडात गेला. हौसेखातर चाकांवरच्या घरात राहणाऱ्यांचा तो आद्यपुरुष मानला जातो. पण तो निघाला होता ऐन उन्हाळ्यात. ऊब हा त्याचा प्रश्नच नव्हता.

त्याच काळात गरम पाण्याची गोष्ट लंडनमधल्या घरांत वेगळी चालली होती. १८६८मध्ये बेंजामिन वॉडी मॉन या रंगारी कारागिरानं गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आइसलँडमधल्या उकळत्या झऱ्यावरून त्यानं यंत्राला नाव दिलं ‘गीझर’. आपण आजही बाथरूममधल्या पांढऱ्या टाकीला तेच नाव देतो. मॉनच्या गीझरमध्ये पाणी लगेच तापायचं. पण ज्वाळेतून निघालेले वायू बाहेर नेणारं धुराडंच त्याला नव्हतं. ते वायू न्हाणीघरातच राहायचे.

अशा वायूंत काय असतं, हे १८९०च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञानं खाणींमध्ये जाऊन दाखवलं. स्फोटांनंतर खाणीत मरण पावलेल्या कामगारांचा त्यानं अभ्यास केला. त्यातल्या बहुतेकांचा जीव कार्बन मोनॉक्साइडनं घेतला होता. ज्वाळेला पुरेशी हवा मिळाली नाही की हा वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, डोकं जड होतं आणि झोप येते. खाणीत कॅनरी पक्षी नेण्याची सूचना हाल्डेनचीच. पक्षी माणसाआधी कोसळायचा, आणि माणसाला पळायला वेळ मिळायचा.

आता जर्मनीत येऊ, कारण कॅम्पर व्हॅनची आजची ऊब मुख्यतः तिथंच घडली. १९३१मध्ये आरिस्ट डेथलेफ्स या चाबूक आणि स्कीच्या काठ्या विकणाऱ्या व्यापाऱ्यानं मोटारीमागं ओढायचं छोटं घर बांधलं. त्याची वाग्दत्त वधू फ्रिडल चित्रकार होती, आणि तिला त्याच्या फिरतीवर सोबत जायचं होतं. पुढं १९५०मध्ये फोक्सवॅगनची व्हॅन आली. १९५१मध्ये वेस्टफालिया कंपनीनं तिच्यात बसवायची ‘कॅम्पिंग पेटी’ काढली, आणि आपल्या डोळ्यांसमोर येते ती कॅम्पर व्हॅन तयार झाली.

या व्हॅनचं इंजिन मागं होतं आणि ते पाण्याऐवजी हवेनं थंड व्हायचं. इंजिनावरून गेलेली गरम हवा नळ्यांमधून पुढं आणायची, हाच तिचा हीटर. एक तर ती पुढं पोचेपर्यंत कोमट व्हायची. दुसरं म्हणजे, एक्झॉस्टचा एखादा सांधा गळत असेल तर धूर त्याच वाटेनं आत यायचा. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे इंजिन बंद केलं की ऊब बंद. झोपायच्या वेळी, म्हणजे हवी तेव्हाच ती नसायची.

यावरचं उत्तर म्हणजे इंजिनपासून स्वतंत्र, इंधनावर चालणारा हीटर. या क्षेत्रातल्या दोन प्रसिद्ध कंपन्यांची मुळं एसलिंगेन या एकाच जर्मन गावातली. एबरश्पेखर १८६५मध्ये सुरू झाली ती काचेच्या छपरांच्या कामासाठी. वेबास्टो १९०१ची. संस्थापक विल्हेल्म बायर आणि कंपनी नंतर जिथं गेली ते श्टॉकडोर्फ, यांच्या आद्याक्षरांतून ते नाव झालं. त्यांच्या हीटरमध्ये पंप थेंब-थेंब पेट्रोल किंवा डिझेल सोडतो आणि एका बंद धातूच्या कोठीत ते जळतं. जळायला लागणारी हवा गाडीखालून येते, धूर गाडीखालीच सोडला जातो. आतली हवा फक्त कोठीच्या बाहेरच्या तप्त अंगावरून फिरते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला आयसोलेशन म्हणू: एकाचा बिघाड दुसऱ्यापर्यंत पोचायला वाटच ठेवायची नाही.

गॅसवर हेच काम ट्रुमा कंपनीनं केलं. १९४९मध्ये फिलिप क्राइस यांनी ती काढली आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांच्यावरून तिला नाव दिलं. आधी गॅसचे दिवे, मग १९६१मध्ये कॅरॅव्हानसाठी गॅस हीटर. त्यातही हवा बाहेरची आणि धूर बाहेर. अशाच यंत्रात पुढं पाण्याची सोय झाली. आजच्या ‘कॉम्बी’ प्रकारात मध्ये ज्वाळा, तिच्याभोवती सुमारे दहा लिटर पाण्याचं कडं आणि त्याच यंत्रातून फिरणारी खोलीची हवा असते. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी असायचं, तीच ही मांडणी. फरक एवढाच की बंब परसात किंवा धूर जायला जागा असलेल्या न्हाणीत असायचा, आणि कॉम्बी तुमच्या पलंगाखाली असतो.

विजेवर का नको, असं कुणीही विचारेल. हिशेब करून पाहू. दहा लिटर पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. त्यात थंड पाणी मिसळलं की अंघोळीची एक बादली होते. बारा व्होल्टच्या शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत एकूण १.२ युनिट असतात. म्हणजे एका अंघोळीत अर्धी बॅटरी संपली. रात्रभर, आठ तास, सरासरी एक किलोवॅट ऊब धरली तर आठ युनिट होतात, म्हणजे अशा सात बॅटऱ्या. तेच काम साधारण एक लिटर डिझेल करतं. बॅटरीवर फक्त पंखा, पंप आणि पेटवताना ग्लो प्लग चालवायचा.

मग स्वयंपाकाची शेगडी रात्री चालू ठेवली तर? एक किलो गॅस जळताना सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. रात्रभरात लिटरभर पाणी वाफ होऊन काचांवर आणि अंथरुणात बसेल. आणि बंद गाडीतली हवा कमी होत गेली की शेगडी कार्बन मोनॉक्साइड सोडू लागेल. घरच्या न्हाणीत टांगलेला साधा गॅस गीझर गाडीत बसवला तरी तोच धोका, कारण तो जळायला आतलीच हवा घेतो. छोट्या, बंद बाथरूममध्ये अशा गीझरनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचलेल्या आहेत. व्हॅन तर बाथरूमहून फार मोठी नसते.

हिमालयात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे आणि तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच असतो. हीटरचा पंप तेवढंच डिझेल सोडत राहिला तर ते नीट जळत नाही, काजळी धरते आणि हीटर बंद पडतो. म्हणून उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटर किंवा त्याचं किट लागतं. दुसरी गोष्ट इंधनाची. ब्यूटेन शून्याच्या जरा खाली वायू व्हायचाच थांबतो, तर प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत त्याचा जोर जातो. साधं डिझेलही थिजतं. २०१९मध्ये इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, ते याचसाठी.

त्यामुळे निवडताना इंधन कुठलं, ब्रँड कुठला याआधी एकच विचारा: ज्वाळेला हवा कुठून मिळते आणि तिचा धूर कुठे जातो? दोन्हींचं उत्तर ‘गाडीबाहेर’ असेल तरच पुढचं बोलायचं. कोकण-गोव्यापुरतं फिरणार असाल तर हीटर लागतच नाही. अंघोळीला उन्हात तापलेली काळी पिशवी किंवा इंजिनच्या गरम कूलंटवर तापणारी छोटी टाकी पुरते. लडाखला जाणार असाल तर उंचीचं किट असलेला डिझेल हीटर घ्या. पाणीही त्याच इंधनावर तापवायचं असेल तर कॉम्बी, पैसे वाचवायचे असतील तर अंघोळ गेस्ट हाउसमध्ये.

बसवून झाल्यावर गाडीखाली वाका आणि दोन नळ्या मोजा, एक हवा आत घेणारी आणि एक धूर सोडणारी. धुराची नळी दाराखाली किंवा खिडकीखाली संपत नाही ना, तिचे सांधे घट्ट आहेत ना, बर्फात ती बुजणार नाही ना, हे बघा. मग कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाजवळ लावा आणि बटण दाबून तो वाजतो का ते पाहा. खाणीतल्या कॅनरीचं काम आता त्याच्याकडे आहे.