सावली पकडली, पण टिकेना!

सिलुएट शिकणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा: माणूस उजेडाच्या आड उभा करा, एक्स्पोजर मागच्या आकाशावर लॉक करा. माणूस आपोआप काळा पडतो. झालं काम. मेमरी कार्डवर सावली कायमची जमा!

ते 'कायमची' प्रकरण थॉमस वेजवुडला काही केल्या जमलं नाही. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध भांडी कारखानदार जोसाया वेजवुडचा हा मुलगा. याची युक्ती एकदम साधी. कागद किंवा पांढरं चामडं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने ओलं करायचं, वर झाडाचं पान ठेवायचं आणि उन्हात धरायचं. उघडा भाग काळा पडतो, पानाखाली पांढरी सावली उरते. (आपल्या सिलुएटच्या बरोब्बर उलट.) ना कॅमेरा, ना लेन्स!

पण पान उचललं की ती सावलीही उजेडाने काळवंडायला लागायची. धुऊन पाहिलं, वार्निश लावून पाहिलं... शून्य उपयोग. मग चित्र ठेवायचं अंधारात आणि बघायचं मेणबत्तीच्या उजेडात. १८०२ साली त्याचा मित्र हंफ्री डेव्ही याने हे सगळं अपयशासकट छापलं, हे मला फार आवडतं. १८०५ मध्ये वेजवुड गेला. वय अवघं ३४.

चांदीचे क्षार विरघळवणाऱ्या हायपोचा गुण जॉन हर्शेलला सापडला १८१९ मध्ये, आणि त्याने तो फोटो टिकवायला वापरला थेट १८३९ मध्ये. म्हणजे उत्तर वीस वर्षं नुसतं पडून होतं!

वेजवुडचं म्हणून खात्रीने सांगता येईल असं एकही चित्र आज उरलेलं नाही.